आवाज धरत नाही

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर
आग्नेल मास्कारेन्यसचं दुकान. जिन्यात कुणीतरी
मोयऱ्याच्या केळ्यांचा घड टेकवून ठेवलाय, आलोच म्हणून.
चवथीची ऑफर. काचेखाली तीन कॅमेरे,
तिघांच्याही गळ्यात लाल चिठ्ठ्या.

पहिला फुल-फ्रेम. समईच्या उजेडातही पापण्या मोजता येतात,
पण फोर-केत पंचवीस मिनिटांत तापतो,
आणि आमच्याकडे नुसती मंगलाष्टकंच अर्धा तास.
दुसरा हलका, फोटो देखणे. व्हिडिओ लावला की
कडा कापतो, म्हणजे वरमाय हमखास बाहेर.

तिसरा ब्याण्णवचा एकाहत्तर हजार.
एवढा खाली कसा?
आग्नेलने मान खाजवली. "डिस्प्लेचा पीस गो. पोराने पाडला.
चित्र फस्टक्लास. आवाज तेवढा धरत नाही.
आतला माइक मेला, बाहेरचा लावायचं भोकही मेलं."
मग खरं बोलण्याचा त्रास झाल्यासारखा, हळूच:
"लग्नाक चलचो ना."

घरी नीलाक्षी आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी,
जन्मापासून ऐकू येत नाही.
तिच्या हातांत माझं नाव आहे: एक डोळा मिटायचा
आणि तर्जनीने हवा दाबायची.
शाळेत शिकली ती खुणांची भाषा वेगळी.
ही आमच्या स्वयंपाकघरातली, आई, ती आणि मी
अशी तिघींत वापरून झिजलेली.
आता दोघींतच.

तिच्या हातांचे फोटो मी शेकड्यांनी काढलेत.
एकही वाचता येत नाही.
"उद्या" आणि "राहू दे", दोन्हींत तळहात तसाच उघडा,
फरक फक्त तो निघाला कुठून याचा.

तर हिच्यासाठी आवाज कशाला?
हिशोब इतका सोपा की मी पाकीट उघडलंसुद्धा.

मग ओटा आठवला. रागावली की ती त्यावर थाप मारते
आणि ताटाळ्यातली ताटं बोलू लागतात.
हसते तेव्हा घशातून कबुतर उडाल्यासारखं काहीतरी.
"खरंच?" विचारताना मूठ तळव्यावर आपटते, टप्प.
तिला हे माहीतच नाही. हे ऐकणारी मी एकटी,
आणि एकवीस हजारांच्या सुटीत
नेमकं एवढंच कापलं जाणार होतं.

मी गप्प उभी, म्हणून आग्नेल घाबरला.
"बरं, आणखी दोन सोडतो. वर पट्टा फुकट."

अस्नोड्याच्या बसमध्ये खोका मांडीवर.
शेजारच्या बाईने विचारलं, मिक्सर?
मी हो म्हटलं.

नीलाक्षीने कॅमेरा घेतला आणि तळहात त्याच्या बुडाशी लावून थांबली.
जुन्यात आरसा होता, तो आत खट् उडायचा,
फोटो निघाल्याचं तिला हाडांत कळायचं.
याच्यात आरसाच नाही. मी बटण दाबलं, काहीच नाही.
तिने पाच बोटं मिटली: मेला?
मी पडदा दाखवला. तिचाच चेहरा, वाट बघणारा.
मग मेनूत शिरून शिरून यांत्रिक शटर सापडलं.
पुन्हा दाबलं. तिने नाक मुरडलं. मुंगी चालली, म्हणे.

नंतर तिने तो माझ्याकडे वळवला.
चौकट आपणहून माझ्या डोळ्यावर जाऊन बसली,
तसंच शिकवून पाठवलंय त्याला.
तिने बोटाने ती ओढून खाली, ओठांवर आणली.
बोल.
काय बोलू?
किंमत बोल.

पन्नास हजार, मी म्हटलं. स्वच्छ, सावकाश, कॅमेऱ्यात बघून.
तिने ते लावून पाहिलं. मग मागे नेलं,
वेग कमी केला, पुन्हा पाहिलं,
माझे ओठ "पन्नास"च्या प वर
लाजिरवाणा वेळ मिटलेले.

कॅमेरा ओट्यावर ठेवून
तिने मूठ तळव्यावर आपटली.