सकाळचं रक्त

सोहारच्या दवाखान्यात लॅबवाला शिबू म्हणाला,
हे रक्त सकाळीच द्यायचं,
आठ ते दहाच्या आत, तेव्हा ते भरतीला असतं.
म्हटलं, बारा वर्षं भट्टीवर रातपाळी आहे,
माझी सकाळ कुठली धरू?
त्याने फॉर्म पाहिला, मग मला,
आणि शीर शोधायला लागला.

डॉक्टर सुदानी. इतकं हळू बोलतात
की शेजारच्या खोलीत कुणी आजारी निजलंय असं वाटावं.
झोप? तुकड्यातुकड्यांत.
वजन? इथं आल्यापासून चौदा किलो वर.
प्रेशरची गोळी कधीपासून? साखर? कर्ज?
कर्जाचं का विचारलं, कळलं नाही.
तरी आकडा सांगितला, रियालमध्ये;
रुपयांत सांगायची लाज वाटली असती.
पहाटे जाग येते तेव्हा... म्हणाले, आणि थांबले.
एसीच्या जाळीला बांधलेली रिबीन फडफडत होती.
पूर्वी रोज, म्हटलं. आता आठवत नाही.

या गोष्टीला आमच्या घरात शब्दच नव्हता.
जे होते ते शिव्यांत होते.

कॅम्पात आठजणांची खोली, दोन मजली खाटा.
वर दळवी, खाली मी.
एक खाट करकरली की सगळी खोली जागी व्हायची
आणि सगळी खोली झोपेचं सोंग घ्यायची.
न्हाणीला रांग. दारावर टकटक.
दोन मिनिटं, भाऊ, दोन मिनिटं.
त्या दोन मिनिटांत मी अंगाला शिकवलं
चूपचाप येणं, चूपचाप जाणं,
पुढे पुढे, न येणं.

वृषाली तीन महिन्यांच्या व्हिसावर आली.
आमसुलं आणली, मेतकूट आणलं,
एक नवा गाऊन, दुकानाच्या घड्या न मोडलेला.
भाड्याच्या खोलीला कडी आहे, पलंग मुका आहे,
तरी अंग कान लावून बसतं
दाराकडे.
एकोणीस दिवस आम्ही जेवणाबद्दल बोललो.

आकडा आला. अकरा पूर्णांक आठ.
खालची रेघ आठवर.
तुम्ही रेघेच्या वर आहात, डॉक्टर म्हणाले,
पण रेघ सगळं सांगत नाही.
इंजेक्शन नको. दिवसपाळी मागून बघा, चाला,
बायकोशी बोला.
पहिल्या दोन गोष्टी मी कागदावर लिहून घेतल्या.

रिपोर्ट तिने लाइटबिलासारखा वाचला,
वरून खाली, मग शेवटची ओळ पुन्हा.
कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणाली, मला वाटलं मीच नको झाले.
आणि जरा थांबून,
माझं रक्त तपासायला कुणी सांगितलं नाही कधी.

त्या दिवशी आम्ही खिडकीला चंदेरी कागद चिकटवला,
कोपऱ्यात एक फट राहिलीच.
दुपारी जाग आली तेव्हा असरची बांग चालू होती,
उन्हाची एक काडी भिंतीवर,
कुकर घासायचा राहिलेला,
तिचा पाय माझ्या पायावर.
तो कुणीच काढला नाही.