वापरलेला

कोचाबांबाच्या वरच्या अंगाला
सातुर्निनाच्या बापाचं मातीचं घर.
भिंतीच्या फटीतून रात्री किडा यायचा,
ढेकणाच्या जातीचा. लहानपणी चावला.
पन्नास वर्षांनी हृदयाला त्याची आठवण झाली:
मिनिटाला चौतीस ठोके,
मक्याची दारू ढवळताना दोनदा भोवळ.

आम्ही बसवला तो पेसमेकर वापरलेला.
कुणी दूरदेशी वारलं, घरच्यांनी
दहनाआधी काढून दिला.
धुतला, तपासला. काडेपेटीपेक्षा लहान.

'कुणाचा?' तिनं विचारलं.
माझ्याकडे फक्त नंबर.
'बाईचा की बाप्याचा?'
नंबर, मावशी.

आज तपासणीला आली.
छातीवर यंत्र टेकवलं, पडद्यावर
साठ, साठ, एकसष्ट.
बॅटरी सहा वर्षं पुरेल, म्हटलं.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली,
काय ते सांगितलं नाही.

मग शाल ओढून घेत म्हणाली,
'सुरुवातीला बिचकायचं रात्री.
त्याला केचुआ कुठून कळणार?
आता रोज पहिला घोट
जमिनीवर सांडते त्या माणसाच्या नावानं.
नाव ठाऊक नाही,
म्हणून जरा जास्तच सांडते.'