नक्कल

करिअर मार्गदर्शन कक्ष म्हणजे आमच्याकडे
जिमखान्यामागची खोली, न फिरणारा पंखा,
आणि मी. शिकवते भूगोल.
गुरुवारी दोनला फॉर्म वाटते:
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
गंगासागर शेगरनं लिहिलं, पेन्सिलीनं,
'पाहू.'

मानोऱ्याच्या रस्त्याला, बंद जिनिंगच्या भिंतीलगत
अकरा पालं. आता वर पत्रे आलेत,
पत्त्यात मात्र अजून 'च्या मागे', 'च्या जवळ'.
सगळ्या पोरांचा वाढदिवस एक जून.
नाव घालताना मास्तरनं दिला,
सरसकट, खिचडीसारखा.

तिला रक्त तपासायला शिकायचंय.
काचेवर थेंब पसरून, भिंगातून.
'मॅडम, त्यात जात नाई ना दिसत?'
नाही गं, म्हटलं,
आणि त्याच तोंडानं पुढे सांगितलं:
सवलतीला जातीचा दाखला,
दाखल्याला एकसष्टच्या आधीचा पुरावा,
म्हणजे आजाच्या जन्माची नोंद,
कोतवाल बुकाची नक्कल.

हसली ती.
'नक्कल तं आमच्या घरी लय हाय.'

बाप अजून पोळा झाला की निघतो,
खाकी घालून, दारोदार दंड ठोठावत:
तुमची म्हैस सरकारकडे पाहून रवंथ करते,
काढा दहा रुपये.
आजा तहसीलदार व्हायचा.
कोट, बिनकाचेचा चष्मा, रताळ्याचा शिक्का.
जन्मला कुठे? दोन गावांच्या मधी.
कोणत्या कोतवालानं लिहावं?

अडाण नदीचा उगम मला पाठ आहे.
मी कागदावर दोन रकाने पाडले:
दाखला आला तर. नाही आला तर.
दुसऱ्यात खुली फी लिहिली, आणि खोडली.
मग कारंज्याच्या लॅबवाल्याचा नंबर लिहिला,
जो म्हणाला, पाठवा, बाटल्या धुवायला तरी.
तेही खोडणार होते. ती म्हणाली, राहू द्या.

आषाढात तिनं चिठ्ठी आणली.
सोंगाच्या पेटीतली, चार घड्यांवर फाटलेली.
'भिकाजी बहुरूपी याणे आज मौजे हिवरा येथे
तहसीलदार होऊन गावास हसविले.
दोन पायली जवारी दिली. ता. १२-२-५८.'
खाली पाटलाची सही, कोंबडीच्या पायासारखी.

खिडकीतल्या बाबूनं तीनदा वाचलं.
आधी हसला. मग नाही हसला.
'यात तर आजा तहसीलदार लिहिलाय, मॅडम.
व्यवसायात काय टाकू?'
पोच दिली. पंचेचाळीस दिवस.
प्रवेशाची शेवटची तारीख वीस.

गुरुवारी दोनला दारात एक फौजदार उभा,
टोपी तिरपी, मिशीचा एक कोपरा सुटलेला.
'पंखा बंद ठेवून पोरीले पुढचं दाखवता?
कलम बावन्न बटे तीन. दंड!'
गंगासागर मागच्या बाकावर, ओढणीत तोंड खुपसून.
मी वीस रुपये दिले.
त्यानं कपाळाला लावले, पण निघेना.
'बाई, एक चिठ्ठी लिहून द्या.
आजचं सोंग पाह्यलं म्हणून.
गावाचं नाव टाका. तारीख टाका.
पोरगी आमची हाय, हेबी टाका.'

लिहिलं. पूर्ण नाव, बापाचं, आजाचं, तिचं.
शिक्क्याची शाई वाळली होती,
झाकणात दोन थेंब पाणी घातलं,
आणि कक्षाचा गोल शिक्का
दोन्ही हातांनी दाबून धरला,
बराच वेळ.