माया

सेलूच्या स्टेशन रोडला माझं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक कात्री, भिंतीला खिळा,
खिळ्याला टेप.
पस्तीस वर्षं बायकांची मापं घेतली,
छाती, कंबर, दंड, मुंढा.
मपलं माप कुणी घेतलं नव्हतं.

खाज दोन वर्षांची.
तुरटीचं पाणी, लिंबाचा पाला,
मेडिकलवाल्या पोराकडनं "पायाला पाहिजे" म्हणून आणलेली ट्यूब.
कुठं खाजतंय ते सांगायला शब्दच नव्हता.
आई म्हणायची "तिथं", सासू म्हणायची "खाली",
नवरा काहीच म्हणायचा नाही,
अन् तसाच गेला.
मग पांढरा डाग, डागावर तुरीच्या दाण्यासारखं
कडक काहीतरी
धुताना बोटाला लागलं.

पहाटेच्या गाडीनं औरंगाबाद.
काझी मॅडमनी तुकडा तपासायला धाडला,
दहा दिवसांनी नाव सांगितलं. आजाराचं बी, जागेचं बी.
"योनीमुखाचा कॅन्सर, प्रयागबाई. पण लवकर आलात."
लवकर!
म्या छताच्या पंख्याकडं बघत राहिले.

स्टीलच्या पट्टीनं मोजलं त्यांनी. "दीड सेंटिमीटर."
म्हणजे अर्धा इंच न् एक सूत, मनात धरलं.
केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढलं.
एकसष्ट वर्षं सोबत राहून
पहिल्यांदा बघत होते:
उघड्या कॉलरच्या दोन पट्ट्या, आत अजून दोन बारीक.

"पूर्वी सगळंच काढायचे, जांघेपर्यंत दोन्हीकडचं.
जखमा महिनोन्महिने भरायच्या नाहीत.
आता गाठ तेवढी काढायची, भोवतीनं चांगली कातडी घेऊन."
"भोवतीनं किती?"
"एक सेंटिमीटर तरी. जमलं तर जास्त."
"म्हंजे माया," म्या म्हणलं.
त्यांचा पेन थांबला.
"शिवणीत आत सोडतो ते कापड, मॅडम.
पुढं अंग सुटलं, तर उसवून वाढवता येतं."
"तुमची माया ठेवायची असते," त्या म्हणल्या,
"माझी काढून टाकायची."

मग जांघेतल्या गाठी.
डाव्या बाजूच्या सगळ्याच काढाव्या, तर पाय सुजतो,
कधी कधी जन्मभर.
नाहीतर निळी शाई टोचायची,
शाई आधी ज्या गाठीत जाईल तेवढीच काढून बघायची.
ती चांगली निघाली, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.
"अन् वाईट निघाली तर?"
"तर पुढचं पुढं करू. पण करू."
मशीनचा पायटा आठवला. म्या म्हणलं, शाई.

पोरगा बाहेर सही करीत होता.
"लोकांना पिशवीचं ऑपरेशन सांगू," ज्ञानोबा बुटाकडं बघत म्हणला,
"पिशवीचं सगळ्यांना कळतं."
म्या हाव म्हणलं नाही, नाही बी म्हणलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळीतनं मोरचूदासारखं हिरवं-निळं पाणी.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरली,
मला मात्र हसू आलं, अन् टाके ओढले.
टाके म्या आरशात बघितले नंतर, घरी, कडी लावून.
आतल्या आत घेतलेले, बारीक, एकसारखे.
एके ठिकाणी मात्र कापड ओढून आणल्यागत चुणी.
म्या असती तर तिरपं घेतलं असतं.

रिपोर्टात लिहिलं होतं, कडा मोकळ्या आहेत.
गाठ चांगली.
दर तीन महिन्याला दाखवायला जायचं.
लघवीची धार आता जरा वाकडी जाते,
ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दीड महिना उभ्यानंच कापड बेतलं.
शेवंता ब्लाउजचं माप द्यायला आली, म्हणली,
"काहून बसत नाही मावशी? कशाचं झालं ऑपरेशन?"
टेप तिच्या पाठीमागनं घेत होते,
तोंड दिसत नव्हतं एकमेकींचं.
सांगितलं. नाव घेऊन सांगितलं.
ती इतकी गप्प झाली की मला छाती परत मोजावी लागली.

दिवे लागायच्या टायमाला शेवंता परत आली.
हातात ब्लाउजपीस नव्हतं.
उंबऱ्यावर नुसती उभी.
म्या शटर अर्धं खाली ओढलं.