पोदुम

बोअरच्या गाडीचा हातोडा तीनशे चाळीस फुटांवर अडकला
आणि तिरुचेनगोडची माणसं
पार्ट येईस्तोवर आमच्या खैरखेडात राहिली.
स्वयंपाक माझ्याकडे. मी भाकरी थापायची, ते भात मागायचे.
पापण्यांवर दगडाचं पीठ,
हसले की दात तेवढे माणसाचे.

चौथ्या रात्री सेल्वानं शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला.
पडदा कुठला? भिंतच.
पाढे रंगवलेली.
तिचा चेहरा जवळ आला की कपाळावर बे चोक आठ,
ती रडली की गालावरून तीनाचा पाढा.
भाषा कळेना म्हणून गाव आधी हसलं,
मग पोतं झटकून अर्धं उठून गेलं.
मी बसून राहिले.
मला कळत होतं.

तिचा नवरा मारत नव्हता.
जेवून ताट सरकवायचा, बस.
दुसऱ्या घरात एक वजनकाटे दुरुस्त करणारा,
त्याची बायको भिंतीकडे तोंड करून झोपायची
आणि हा पंख्याची पाती मोजायचा.
बसस्टँडच्या एका बाकावर दोघांची गाठ पडते.
मध्ये त्याची पिशवी.
शेवटपर्यंत ती पिशवी कोणी उचलली नाही.

मग एका रात्री ती आपल्याच उंबऱ्यात उभी राहून
एकच शब्द बोलली. ओरडून नाही.
पोदुम.

मागे श्रावण बसला होता.
बिडीचा वास थांबला, एवढंच मला कळलं.

सकाळी सेल्वाला विचारलं, तर तो लाजला.
"पोदुम? वो तो हम रोज बोलते, अक्का."
आणि ताटावर तळहात आडवा धरला,
भात नको असला की धरायचा, तसा.

माय म्हणाली, "काय कमी हाये व तुले?
पेत नाई, हात उचलत नाई."
खरंच होतं. अकरा वर्षं
त्यानं मला काही म्हणजे काहीच केलं नाही.
मीही त्याला नाही.

गाडी गेली. पाणी लागलं की नाही ते सरपंचाला विचारा,
मी आठ दिवस भांड्यांवरचं पीठ धूत होते.
नवव्या दिवशी वावरात
श्रावणच म्हणाला, "पंचफुला,
थो पिच्चर... तुले समजला होता काय?"
मी म्हटलं, "हो."
"मलेबी."
अकरा वर्षांतलं आमचं सगळ्यात लांब बोलणं.

पूर्वी आमच्यात पंचांसमोर काडी मोडत.
पंच नव्हते. दोन बगळे होते आणि कोणाची तरी बकरी.
त्यानं पऱ्हाटीची काडी घेतली, वाकवली.
ओली होती. मोडली, पण सालीवर लटकून राहिली.
पीळ दिला, दातानं ओढून पाहिलं,
शेवटी हात पुढे केला, न बघता.
मी विळा दिला.

कागद होतील दारव्ह्याला, होतील तेव्हा.
तो म्हणाला, "जेवून जाशीन?"
त्या दिवशी भात केला होता.
त्यानं वाढला. वाढतच राहिला.
मी ताटावर हात धरला.