पांढरं ताट

सत्तावीस मुलं, एक चूल, मी एकटी.
आइसलंडच्या उत्तरेला, खाडीच्या टोकाशी आमची शाळा.
डिसेंबरात सूर्य डोंगरामागूनच
'आहात ना?' विचारून जातो,
वर येत नाही.

सोल्वी सात वर्षांचा. त्याच्या ताटात
बटाटा, मासा, दूध, भात.
एवढंच. सगळं पांढरं.
बाहेर बर्फ, ताटात बर्फ.
चुकून एखादा वाटाणा आलाच
तर काट्याने असा कडेला सारतो,
जाळ्यात काच सापडावी तसा.

मी काय काय केलं नाही!
भिंतीवर तक्ता लावला, खाईल त्याला चांदणी.
स्वावाने चांदण्यांपायी काकडी खिशात कोंबली,
शनिवारी आईने कोट धुवायला काढला तेव्हा कळलं.
भोपळी मिरचीचे डोळे केले, मुळ्याचं नाक,
तर उग्गी म्हणाला, 'मी माणसं खात नाही.'
मग माशाच्या वड्यांत गाजर किसून लपवलं.
सापडलं.
सगळी माझ्याकडे अशी बघत राहिली
की जणू मी कोर्टात खोटी साक्ष दिली होती.
गाजराची पुंगी वाजली नाहीच,
मोडून खायलाही कुणी पुढे आलं नाही.

मुख्याध्यापक म्हणाले, 'जीवनसत्त्वांचं सांगून बघा.'
सांगितलं.
'दिसतं कसं ते?' सोल्वीने विचारलं.
मला कुठे ठाऊक?

शेवटी बस काढली. दोन तास अंधार कापत गेलो
हॉल्बेराच्या काचघराकडे.
लांबूनच दिसलं:
काळ्या डोंगराच्या पायथ्याशी
कुणी दुपारचा एक तुकडा तोडून ठेवलेला.

आत शिरताच चष्मे धुरकटले.
जमिनीखालचं कढत पाणी नळ्यांतून गुरगुरत होतं.
मुलांनी टोप्या काढल्या, कोट काढले,
मोजे काढायला लागली तेव्हा मी ओरडले.
आणि तो वास, टोमॅटोच्या पानांचा,
हिरवा, उग्र, बोटांना चिकटून राहणारा.
भुंगे होते. डिसेंबरात भुंगे!
'कामाला आहेत माझ्याकडे,' हॉल्बेरा म्हणाली,
'पगार नाही, साखरपाणी देते.'

खा, असं ती कुणालाच म्हणाली नाही.
हातात एकेक खोकं दिलं.
'लाल तेवढे तोडा. केशरीला हात लावाल तर बघा.'

सोल्वीने ते फारच मनावर घेतलं.
एकेक फळ दिव्यासमोर धरून बघायचा,
हिरव्यांना सांगायचा, 'तू परवा. तू नंतर.'
त्रेसष्ट तोडले. खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेसुद्धा.
चौसष्टावा हातातून सुटला, फुटला.
तो घाबरून इकडेतिकडे बघू लागला.
'फुटलेला मी विकत नाही,' हॉल्बेरा पाठमोरीच बोलली,
'ज्याने पाडला त्याचा.'
तो त्याने खिशात ठेवला. खिशाचं काय झालं ते विचारू नका.

परतीच्या वाटेवर सगळी झोपली.
बसच्या काळ्या काचेत मला मागची सीट दिसत होती.
सोल्वीने तो बाहेर काढला. हुंगला.
जीभ लावली, तोंड वाकडं केलं.
बराच वेळ नुसता हातात धरून बसला.
मग चावला.
रस हनुवटीवरून कोटावर गेला, कोटावरून सीटवर,
आणि शेवटी हातात फक्त देठ उरला.

मी वळले नाही.
'शाब्बास' म्हटलं असतं
तर तो टोमॅटो माझा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात कडेला दोन-दोन फोडी.
'हे मी तोडलेले?'
'असतील.'
'असतील नको. बघून सांग.'
खोकं आणून दाखवलं. त्रेसष्ट, त्याच्याच अक्षरात.
एक फोड त्याने खाल्ली,
दुसरी उग्गीच्या ताटात ठेवली, पाहुण्याला वाढावी तशी:
'हा मीच तोडलाय. नीट खा.'

गाजर?
गाजर तसंच कडेला, काल होतं तिथे.
पण ताट परत देताना तो थबकला.
'गाजर कोण तोडतं?'
'तोडत नाहीत, उपटतात. उन्हाळ्यात, जमीन मऊ झाली की.'

त्याने बोटांवर महिने मोजले.
एका हाताची बोटं संपली
तेव्हा ताट माझ्या हातात दिलं
आणि दुसऱ्या हातावर मोजू लागला.