सदर झाकण

वखारभागात, अकरा नंबर गोडाऊनच्या दारात
मी टेप सोडते गटारात.
दुसरं टोक चहाच्या टपरीवरच्या पोरानं धरलंय.
तो विचारतो, मॅडम, पाणीपुरवठा का?
नाही, मी म्हणते, विधी.
तो म्हणतो, कुणाचा?

खोली दोन फूट नऊ इंच.
रुंदी, एक बाई मावेल इतकी.
पण असं लिहायचं नसतं.
लिहायचं : साठ गुणिले साठ सेंटिमीटर,
झाकण, पाहणीच्या वेळी, आढळून आले नाही.
चार वर्षांनंतरच्या पाहणीच्या वेळीही,
हेही लिहायचं नसतं.

अर्जदार अक्काताई मगदूम, वय अठ्ठावन्न,
काम हळद निवडण्याचं.
जबाबावर अंगठा देताना तिनं डावा हात पुढं केला,
उजवा मनगटात वळत नाही.
प्लास्टर कापलं तेव्हा म्हणे आतूनही पिवळंच निघालं,
डॉक्टर कावीळ समजून घाबरला.
हसली. मग विचारलं,
तुम्ही कुणाच्या बाजूनं आलाय, बाई?
महापालिकेच्या, मी म्हटलं.
मग बसा की, म्हणाली, उभ्यानं का लिवताय.

कुरुंदवाडकर वकिलांनी सकाळीच सांगितलं होतं,
दोनच गोष्टी बघून या :
तिथं उजेड होता का,
आणि आपल्याला आधी कळलं होतं का.

उजेड आता आहे. खांब नवा, पुरानंतरचा.
संध्याकाळी साडेसातला मी पुन्हा जाऊन त्याच्याखाली उभी राहिले,
माझी सावली बरोब्बर भोकात पडत होती.
तेव्हाचं सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर असतं :
सदर अभिलेख महापुरात भिजून नष्ट.
आमचं सगळं सदरच असतं.
कृष्णामाईनं गावाचं काय काय नेलं,
आमचं मात्र नेमकं नको तेवढंच नेलं.

बाबालाल मुजावर, अभिलेख कक्ष,
निवृत्तीला दोन महिने.
शाळा नंबर सातच्या बाकांवर त्यानं वह्या वाळवल्या होत्या,
पानापानात जुने पेपर घालून, एकोणीस दिवस.
कुणी सांगितलं नव्हतं.
टाकवंना, म्हणाला, कुणाचं तरी लिहिलेलं असतंय.

तक्रार नोंदवही. तीन जुलै. अनुक्रमांक अठ्ठ्याऐंशी.
'अकरा नंबर गोडाऊनम्होरं झाकण न्हाई. माणूस पडंल.'
हमाल, बिल्ला नंबर बत्तीस.
शाई पसरून 'पडंल' जांभळं झालंय, तरी वाचता येतं.
खाली शाखा अभियंता आवटींची लघुस्वाक्षरी,
आणि वर एकच शब्द :
पाहिले.

अक्काताई पडली सव्वीस जुलैला.

वकिलांनी वही उघडली नाही, नुसता वास घेतला.
ही नष्ट झालीय ना?
कागदोपत्री, मी म्हटलं.
मग झालं तर, म्हणाले.
आणि जरा वेळानं, माझ्याकडे न बघता,
तुमचं मानधनाचं नूतनीकरण मार्चमध्ये असतं ना?

त्या रात्री अहवालाचा परिच्छेद चार
मी तीनदा लिहिला.
'सबब सदर नोंद...' खोडलं.
'असे दिसून येते की...' कुणाला दिसून येते?
शेवटी पाच शब्द उरले :
वही आहे. मी वाचली आहे.
ते टाइप केले, आणि वकिलांच्या टेबलाआधी
गेले आवकच्या खिडकीशी.
शिक्का आधी कोरडाच उठला. मी म्हटलं, पुन्हा मारा.
दोन हजार एकशे चौदा.

आज वखारभागातून जाताना स्कूटी आपोआप डावीकडं वळली.
भोकात कुणी एरंडाची फांदी खोचलीय,
तिच्या टोकाला हळदीच्या पोत्याची चिंधी.
टपरीवरच्या पोरानं ओळखलं.
झाला का विधी, मॅडम?

तारीख पडलीय, मी म्हटलं.